बंदूक नसलेलं अंतराळयान

१९७९ साली डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या कंपनीने एक अंतराळयान बाजारात आणलं. निळे पंख, राखाडी अंग, पिवळ्या पारदर्शक काचा, चार अंतराळवीर. मागच्या बाजूला दारं होती, ती उघडली की आतून एक चिमुकली गाडी बाहेर यायची. अमेरिकेत त्या संचाचा नंबर होता ४९७, युरोपात ९२८, आणि नाव गॅलेक्सी एक्स्प्लोरर. लेगोच्या, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या खेळण्याच्या, त्या ३३८ तुकड्यांत एकही बंदूक नव्हती. तोफ नव्हती, शत्रू नव्हता, कुठल्या देशाचा झेंडा नव्हता.

गेले काही आठवडे ते यान पुन्हा माझ्या जेवणाच्या टेबलावर उभं आहे. त्याच्याकडे पाहताना मला जे वाटतंय ते सविस्तर लिहायचं आहे. पोस्ट मोठी होणार आहे, सवडीने वाचा.

त्या काळात अंतराळ म्हटलं की दोनच गोष्टी समोर यायच्या. एक, अमेरिका आणि रशियाची शर्यत. दुसरी, सिनेमाच्या पडद्यावरची लेझरची लढाई. आमच्या घरात तिसरीही होती, स्कायलॅब. सत्तर टनांहून जड असलेली ती अमेरिकी प्रयोगशाळा जुलै १९७९ मध्ये खाली येणार, कुठे पडेल ते नक्की सांगता येत नाही, अशा बातम्या रोज यायच्या. मी सात वर्षांची होते. माटुंग्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आजीने त्या रात्री आम्हाला गॅलरीत झोपू दिलं नाही, जणू आतलं छप्पर आम्हाला वाचवणार होतं. स्कायलॅबचे तुकडे शेवटी हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. पण अंतराळ म्हणजे डोक्यावर कोसळणारी वस्तू, ही माझ्या मनातली पहिली नोंद.

आणि मग वर्षभराने मामा हॅम्बुर्गहून तो खोका घेऊन आला.

मामा मर्चंट नेव्हीत थर्ड इंजिनिअर होता. आठ-नऊ महिने बोटीवर, मग सुट्टी, आणि सुट्टीला येताना बॅगेत आमच्यासाठी काहीतरी. तेव्हा परदेशी खेळणं इथल्या दुकानात मिळणं दुर्मीळ होतं, ते कोणीतरी 'आणलेलं' असायचं. खोका आणला होता अर्थातच दादासाठी. मला चित्रं रंगवायची वही मिळाली. पण त्याच दुपारी जमिनीवर चटई अंथरून आम्ही दोघांनी मिळून ते यान जोडलं. पंख लागल्यावर दादाने मामाला विचारलं, "मामा, ह्याच्यात बंदूक कुठे लावायची?"

मामा आरामखुर्चीत पडून चित्रपुस्तिका उलटीपालटी करत होता. म्हणाला, "अरे, हे जहाज आहे. जहाजावर बंदूक कशाला? माझ्या बोटीवर काय असतं? इंजिन, तेल, पाणी, रात्रपाळी. ह्यांचं पण तेच असणार. हा बघ, ह्याची पाळी संपली, हा आता झोपणार."

माझ्यासाठी तो खेळ त्या वाक्याने ठरवून टाकला. त्यानंतर आमच्या यानावर पाळ्या लागल्या. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. बाबा वर्कशॉपला जायचे तेव्हा यानावरची पहिली पाळी सुरू व्हायची.

आज लेगोच्या अंतराळ मालिकेतले त्या वर्षांतले इतर संच पाहिले की कळतं, मामाला जे एका नजरेत दिसलं ते खरोखरच त्या खेळण्यात होतं. जाणकार ज्याला 'क्लासिक स्पेस' म्हणतात ते हे संच. त्यात काय आहे? रडारच्या थाळ्या. संदेशवहनाची केंद्रं. चंद्रावरून माल वाहणाऱ्या गाड्या. रॉकेट सोडायचा तळ. आकडे आणि बटणं छापलेले संगणकाचे तुकडे. माणसांच्या पाठीवर हवेच्या टाक्या, हातात वॉकीटॉकी. हे सगळं कामाला गेलेल्या माणसांचं जग आहे. रोमांच आहे, पण तो दूरच्या जागी जाऊन काहीतरी बांधण्यातला, दुरुस्त करण्यातला.

हे ज्यांच्या हातून घडलं त्यांचं नाव येन्स नीगार्ड क्नुडसेन. १९६८ साली ते लेगोत आले. १९७८ मध्ये हातपाय हलणारा, चार ठोकळ्यांच्या उंचीचा तो खेळण्यातला माणूस बाजारात आला, त्याच्या घडणीतही त्यांचा मुख्य वाटा. त्याआधी १९७५ साली आलेल्या लेगोच्या छोट्या माणसाला हात हलवताच येत नव्हते, पायही वेगळे नव्हते. क्नुडसेन २०२० च्या फेब्रुवारीत गेले. मला वाटतं, विसाव्या शतकात मुलांच्या मनात अंतराळाचं चित्र उभं करणाऱ्या माणसांची यादी कोणी केलीच, तर त्यात त्यांचं नाव पहिल्या पाचात असायला हवं. शास्त्रज्ञांच्या आणि अंतराळवीरांच्या जोडीने. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते आहे.

त्या माणसांचे चेहरे आठवा. पिवळा गोल, दोन काळे ठिपके, एक हसू. बस. सगळ्यांचा चेहरा तोच. डोक्यावर हेल्मेट, त्यामुळे केस नाहीत. छातीवर एक बिल्ला: सोनेरी ग्रह, आणि त्याला वळसा घालून जाणारं लाल यान. अमेरिकेचे पट्टे-तारे नाहीत, विळा-हातोडा नाही. शीतयुद्ध ऐन भरात असताना कोणीतरी अंतराळवीरांच्या छातीवर देशाऐवजी एक ग्रह छापला.

माटुंग्याच्या आठ वर्षांच्या मुलीसाठी याचा अर्थ फार मोठा होता. त्या पांढऱ्या पोशाखातल्या माणसाला कोणी पुरुष म्हणून छापलेलं नव्हतं, कोणी गोरा म्हणून छापलेलं नव्हतं. दादाने लाल दोघं घेतले, मी पांढरी दोघं. माझी एक पांढरी कप्तान होती, तिचं नाव सुनंदा, कारण आमच्या शाळेत सगळ्यात कडक बाई सुनंदाबाई होत्या. सुनंदाने लाल माणसांना हुकूम दिले आणि दादाने ते मानले. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण खेळण्यात त्याच्या विरुद्ध काही लिहिलेलंच नव्हतं. १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा सोयूझ यानातून साल्युत ७ या अंतराळस्थानकावर गेले तेव्हा दादाने एका लाल माणसाचं नाव राकेश ठेवलं. राकेशही सुनंदाच्याच हाताखाली राहिला.

लेगोच्या माणसांना वेगवेगळे हावभाव आले ते १९८९ साली, समुद्री चाच्यांच्या संचांपासून. दाढी, मिशा, एका डोळ्यावर पट्टी, लिपस्टिक. ते छान होतं, मुलांना आवडलंही. पण चेहरा मिळाला की स्वभाव मिळतो आणि स्वभाव मिळाला की गोष्ट ठरते. रागीट भुवया छापलेल्या माणसाला मूल फार वेळ प्रेमळ आजोबा करू शकत नाही.

अंतराळात तर त्याआधीच फरक पडला होता. १९८७ मध्ये काळ्या-पिवळ्या रंगाचे 'ब्लॅकट्रॉन' आले, आणि १९८९ मध्ये त्यांना पकडायला 'स्पेस पोलीस'. पोलिसांच्या यानाला कोठडी होती, चक्क सुटी करून लावता येणारी, आत ब्लॅकट्रॉनचा कैदी. दहा वर्षांत अंतराळात तुरुंग आला. रचना म्हणून ती यानं उत्तम आहेत, काळ्या अंगावरच्या पिवळ्या रेघा आजही डोळ्यांत भरतात. त्यांच्यावर वाढलेल्या पिढीचं त्यांच्यावर जितकं प्रेम आहे तितकंच माझं माझ्या निळ्या पंखांवर. तरी मी म्हणेन की त्या क्षणी काहीतरी हातातून गेलं. तोवर मुलाला स्वतः विचारावं लागत होतं की ही माणसं इतक्या लांब का आली आहेत. आता उत्तर खोक्यावर छापलेलं मिळू लागलं.

बाबांविषयी लिहायलाच हवं. बाबा माटुंगा वर्कशॉपला फिटर होते. खेळण्यांत त्यांना रस नव्हता, पण त्या ठोकळ्यांच्या 'टक्' अशा आवाजाने त्यांचं लक्ष वेधलं. एका रविवारी त्यांनी आपला व्हर्नियर, बारीक मापं घ्यायचं अवजार, काढला आणि मापं घ्यायला बसले. आठ बटणांचा (बटणं म्हणजे ठोकळ्यावरचे गोल उंचवटे) ठोकळा: लांबी ३१.८ मिलिमीटर, रुंदी १५.८, उंची बटणं सोडून ९.६. मग चपटी पट्टी घेतली: ३.२. त्यांनी तीन पट्ट्या एकावर एक लावून मोजल्या, पुन्हा ९.६. मग दुसरा ठोकळा, तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी तेच माप. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आईला हाक मारून म्हणाले, "अगं, हे लोक मुलांसाठी एवढं अचूक करतात." त्या वाक्यातला आदर मी तोवर त्यांच्या तोंडून फक्त चांगल्या लेथबद्दल ऐकला होता.

ठोकळा ३१.८ का, ३२ का नाही, हे त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. दोन बटणांच्या मध्यांमधलं अंतर बरोबर ८ मिलिमीटर असतं, म्हणजे चार बटणांचे ३२ व्हायला हवेत. दोन्ही टोकांना एक-एक दशांश मिलिमीटर सोडलाय, म्हणजे शेजारी-शेजारी लावलेले ठोकळे एकमेकांना अडणार नाहीत. क्लिअरन्स, म्हणजे अशी मुद्दाम सोडलेली फट, हा शब्द मी वयाच्या नवव्या वर्षी शिकले. आज मी पॉलिटेक्निकमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवते आणि लिमिट्स अँड फिट्सचा, म्हणजे यंत्राचे भाग एकमेकांत किती घट्ट किंवा सैल बसावेत याचा, धडा सुरू करताना खिशातून दोन ठोकळे काढते. मुलं आधी हसतात, मग हातात घेऊन जोडतात, काढतात, पुन्हा जोडतात. पुढचं समजावणं सोपं जातं.

त्या ठोकळ्याच्या आतल्या नळ्यांची रचना, जिच्यामुळे तो घट्ट बसतो, तिच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ चा. १९६३ पासून ठोकळे एबीएस नावाच्या टणक प्लास्टिकचे झाले. आणि १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. यंत्रांच्या जगात वावरणाऱ्यांना हे सांगायला नको की हे किती अवघड आहे. दहा वर्षांपूर्वीच्या मिक्सरचं भांडं नव्या मिक्सरला बसत नाही.

आता यानाकडे येते. आईचं घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावरून डालडाचा डबा उतरला आणि त्यात सगळं सापडलं. सगळं म्हणजे जवळपास. कोमट पाण्यात साबण घालून मी तुकडे धुतले (गरम पाणी वापरू नका, चाळीस अंशांच्या वर प्लास्टिक वाकडं होऊ शकतं), सुती कापडावर पसरून सावलीत वाळवले. राखाडी तुकड्यांना पिवळट झाक आली आहे, पांढऱ्या माणसांचे पाय दुधाळ राहिलेले नाहीत. निळे मात्र तसेच आहेत, काल खोक्यातून काढल्यासारखे. पिवळ्या मोठ्या काचेला तडा आहे. हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी दोघांची तुटली आहे. ही त्या पहिल्या हेल्मेटची जगभरची ओळखीची खूण आहे, पट्टी इतकी बारीक होती की घालता-काढता मधोमध तडकायची. पुढे कंपनीने ती जाड केली.

पिवळेपणा घालवायचे उपाय आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तुकडे बुडवून उन्हात ठेवतात, रंग बराचसा परत येतो. मला अनेकांनी सुचवलं. मी ते करणार नाही. क्वार्टर्सच्या खिडकीशी ते यान कितीतरी दुपारी उन्हात उभं असायचं, ते ऊन त्या तुकड्यांत आहे आणि ते मला हवं आहे. संग्राहक मंडळींची दृष्टी वेगळी असते, त्यांनी जरूर उजळवावेत.

जोडताना सगळ्यात जास्त आनंद दिला तो चित्रपुस्तिकेने. हल्लीच्या संचांत तुकडे क्रमांक घातलेल्या पिशव्यांत येतात, प्रत्येक पायरीला कुठले तुकडे घ्यायचे ते चौकटीत दाखवलेलं असतं. १९७९ च्या पुस्तिकेत तसं काही नाही. एक चित्र, त्यापुढे दुसरं चित्र, आणि मधे काय बदललं ते तुम्ही शोधायचं. एका पायरीत कितीतरी तुकडे वाढलेले असतात. राखाडीवर राखाडी पट्टी बसली की बटणं मोजल्याशिवाय कळत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे जमेल असा विश्वास त्या पुस्तिकेत आहे. कागदावरच्या तिरक्या चित्रावरून वस्तूची न दिसणारी बाजू ओळखायला मी तिथे शिकले, कॉलेजात नव्हे. म्हणून माझं ठाम मत आहे की पायऱ्या जरा अवघड ठेवाव्यात. अडखळणं हाच त्या खेळाचा गाभा आहे. मूल दोन चित्रांत फरक शोधत बसलेलं असतं तेव्हा त्याला मदत करायला धावू नका, बसू द्या.

२०२२ मध्ये कंपनीला नव्वद वर्षं झाली तेव्हा त्यांनी गॅलेक्सी एक्स्प्लोरर नव्याने काढलं. नंबर १०४९७, जुन्या नंबरला नमस्कार करणारा. १२५४ तुकडे, आकार साधारण दीडपट. माझ्या भाचीने आइंडहोव्हनहून ते पाठवलं. इथे आयात खेळण्यांच्या किमती कुठे गेल्यात ते तुम्हाला माहीत आहे. मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. देशी खेळणी उद्योग उभा राहावा हा हेतू मला मान्य आहे, पण मामा बोटीवरून आणायचा तेव्हासारखंच पुन्हा कोणीतरी 'आणून' द्यावं लागतंय याचं वाईटही वाटतं.

नवं यान फार प्रेमाने केलेलं आहे. मागची दारं आहेत, गाडी आहे, दोन पांढरे आणि दोन लाल अंतराळवीर आहेत, छातीवर तोच ग्रह. त्याच तुकड्यांतून जुन्या मालिकेतली दोन लहान यानंही बांधता येतात, त्यांच्या सूचना दिल्या आहेत. पंखाखालची, इंजिनाजवळची जोडणी इतकी हुशारीची आहे की बाबा असते तर चष्मा पुसून पुन्हा पाहिली असती. ज्याने हे केलं त्याने जुनं यान लहानपणी हातात धरलेलं असावं असं प्रत्येक पायरीला वाटत राहतं.

आणि तरी मुलासाठी मी जुनंच निवडेन. नव्या यानाचं अंग गुळगुळीत आहे, बटणं बरीचशी झाकली आहेत. जुन्याच्या पंखांवर बटणांची सपाट रांगच रांग आहे, जिथे वाटेल तिथे काहीही लावता येतं. दादाने तिथे एकदा पाण्याची टाकी लावली होती, मी कणिक मळायची परात. बारीक तपशील भरून टाकले की यान सुंदर दिसतं आणि मग ते शोकेसमध्ये जातं. जुन्या यानात रिकामी जागा इतकी होती की ते कधीच पुरं झालं नाही. आठ बटणांच्या एकाच रंगाच्या सहा ठोकळ्यांच्या ९१,५१,०३,७६५ जोडण्या होतात, कोपनहेगनच्या एका गणितज्ञाने संगणकावर मोजून काढलंय. त्या रिकाम्या पंखांवर अजून काय काय व्हायचं राहिलं असेल!

तंत्र सुधारलं म्हणून मी कुरकुर करत नाही. मोठ्यांसाठीचे संच असायला हवेत, ते बांधताना मला जी शांतता मिळाली ती खरी होती. पण मुलांच्या वाट्याला येणाऱ्या खेळण्यांकडे पाहा. बहुतेकांवर कुठल्यातरी सिनेमाचं नाव, खोक्यातच नायक आणि खलनायक, कोण कोणाला मारणार ते ठरलेलं. मुलांनी फक्त ते पार पाडायचं. पालक म्हणून, आत्या-मामा म्हणून आपण वाढदिवसाला काय नेतो ते थोडं तपासू या, एवढं माझं कळकळीचं मागणं आहे. ज्या खोक्यात शत्रू नाही असा एक खोका घेऊन जा. महाग असायची गरज नाही. साधे सुटे ठोकळे न्या, मेकॅनिक्सच्या पट्ट्या न्या.

शेजारचा तिसरीतला मुलगा हल्ली रोज संध्याकाळी येतो. त्याला मी जुनं यान दिलं, नवं नाही. कसं खेळायचं ते सांगितलं नाही. त्याने मागची दारं उघडली, गाडी हळूच खाली उतरवली आणि तिला 'प्रज्ञान' म्हणायला लागला. २३ ऑगस्ट २०२३ ला त्याच्या शाळेत चांद्रयान-३ चं उतरणं दाखवलं होतं. आता प्रज्ञान माझ्या टेबलावर बर्फ शोधतंय, लाल माणूस त्याची बॅटरी तपासतो, आणि पांढऱ्या माणसाला मुलाने सांगितलंय की रात्री थंडी वाढते तेव्हा आतच थांबायचं. सुनंदाचं नाव मी अजून त्याला सांगितलेलं नाही. त्याची कप्तान कोण ते तो ठरवेल.

आता तुमच्याकडून हवं आहे. ज्यांच्या घरी ऐंशीच्या दशकात बोटीवरच्या मामाने, आखातातल्या काकांनी, लंडनच्या आत्याने आणलेले असे संच असतील त्यांनी फोटो टाका. अपुरे असले, पिवळे पडलेले असले तरी टाका, आणि कोणी, कुठून, कधी आणलं तेही लिहा. ९२८ ची मोठी पिवळी काच कोणाकडे जादा असेल आणि द्यायची असेल तर कळवा. किंवा बारीक पट्टीचं जुनं पांढरं हेल्मेट, न तुटलेलं.